पंधरा गुणिले पंचेचाळीस

दिगंबर सर,

तुमच्या प्रशांतचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये नुकतंच एका बाईचं रक्त घेऊन हातमोजे काढत होते. "बाबा पहाटे गेले," तो म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारपर्यंत तरी थांबायचं होतं त्यांनी." त्याला ते दुःख वाटलं. तो फोनवरच रडायला लागला. म्हणाला, "तुमच्यावर लय विश्वास होता बाबांचा."

मला तुमचा राग आला होता, सर. गुरुवारी गेलात. रविवारी तुम्ही माझ्या गावी येणार होतात, माझ्या आईसमोर बसून एक गोष्ट कबूल करणार होतात. पंचवीस वर्षं मी त्याची वाट बघितली आणि शेवटी तीन दिवस कमी पडले.

लोक सांगतायत की तुम्ही फार चांगले शिक्षक होतात. होतात, मीही सांगेन. सेलूच्या ज्युनिअर कॉलेजात मी अकरावीला आले ती बारा किलोमीटरवरून एसटीनं. माझे वडील इथंच कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहायचे. मायक्रोस्कोप मी पहिल्यांदा बघितला तो तुमच्या टेबलावर. तुम्ही कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवलात आणि मला म्हणालात, "आधी बाजूनं बघ. भिंग काचेला टेकत आलं की मग डोळा लाव, आणि तिथून पुढं फक्त वर फिरव. खाली कधीच नाही." मी डोळा लावला आणि अंधुक पिवळ्यातून एकदम विटांची भिंत उभी राहिली. मी किती वेळ बघत बसले असेन कुणास ठाऊक. तुम्ही मागून म्हणालात, "आता काढ. दिसलं ते काढ. पुस्तकातलं काढू नको."

आज इतकी वर्षं मी रोज हेच काम करते आणि भिंगाखाली माझी एक स्लाईड फुटलेली नाही. ते तुमच्यामुळं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं सांगायला मला जमेल असं वाटत नाही.

बारावीच्या प्रॅक्टिकलची गोष्ट. आकृतीच्या खाली ती किती पट मोठी दिसते ते लिहायचं असायचं. डोळ्याजवळच्या भिंगावरचा, म्हणजे आयपीसवरचा आकडा घ्यायचा, स्लाईडजवळच्या ऑब्जेक्टिव्हचा घ्यायचा, दोन्हीचा गुणाकार करायचा. तुम्ही वर्गाला एकदाच डिक्टेट केलं होतं, दहा गुणिले पंचेचाळीस, चारशे पन्नास. सगळ्यांच्या जर्नलमध्ये तेच होतं, माझ्याही. पण त्या दिवशी मला चार नंबरचा मायक्रोस्कोप मिळाला आणि त्यातून सगळंच नेहमीपेक्षा मोठं दिसायला लागलं. मी आयपीसच्या कडेवर बघितलं. झिजलेल्या अक्षरात पंधरा लिहिलेलं होतं. पंधरा गुणिले पंचेचाळीस. मी आकृतीखाली सहाशे पंचाहत्तर लिहिलं.

तुम्ही आलात, लाल पेनानं ते खोडलंत आणि वर साडेचारशे लिहिलंत.

"सर, ह्याच्यावर पंधरा लिहिलंय."

"दहा आहे."

"बघा ना सर."

तुम्ही बघितलं नाहीत. मी आयपीस नळीतून काढून तुमच्यासमोर धरला. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात, खिशात टाकलात आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, "परवानगी न घेता साहित्य उचकटतेस? उद्या वडिलांना घेऊन ये. त्याशिवाय प्रॅक्टिकलला बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी वडील जिनिंगची हजेरी बुडवून आले. धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला रुमाल बांधून. स्टाफरूममध्ये चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मोजल्या होत्या, कारण वर बघायची मला लाज वाटत होती आणि खुर्च्यांचे पायच तेवढे दिसत होते. तुम्ही त्यांना बस म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "तुमच्यात पोरी शिकायला लागल्या की लगेच बोलायलाही लागतात." तुमच्या शेजारी भौतिकशास्त्राचे वामन सर चहा पीत बसले होते. ते हसले.

माझ्या बापानं हात जोडले. "लेकरू हाय सर. चुकलं तिचं. पुन्हा न्हाई बोलणार." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हण, चुकलं म्हण."

मी म्हणाले, "चुकलं सर."

बसस्टँडवर गाडीला वेळ होता. वडील बाकावर बसले, डोक्याचा रुमाल सोडला. मग विचारलं, "किती लिव्हलं होतंस गं तू?"

"सहाशे पंचाहत्तर."

"कशाला कशानं गुणायचं असतंय?"

मी सांगितलं. ते चौथीपर्यंत शिकलेले होते. त्यांनी माझ्याकडून पेन घेतला आणि पेपरच्या रिकाम्या कडेवर पंधरा, त्याच्याखाली पंचेचाळीस मांडून सावकाश गुणाकार केला. हातचा एकदा चुकला, तो खोडून पुन्हा केला. उत्तर आल्यावर त्याच्याकडं बघत म्हणाले, "बरोबर हाय की."

थोड्या वेळानं म्हणाले, "मंग मी कामून हात जोडले?"

तेवढ्यात आमची एसटी लागली. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आठ वर्षांपूर्वी ते गेले तेव्हासुद्धा हा प्रश्न तसाच होता.

प्रॅक्टिकलमध्ये तुम्ही मला वर्गात सगळ्यात कमी मार्क दिलेत. मला परभणीला ॲग्रीला, कृषी विद्यापीठात जायचं होतं, ते थोडक्यात हुकलं. सगळं तुमच्यावर टाकत नाही, केमिस्ट्रीत मी कच्चीच होते. नांदेडला लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, इथं सेलूत दुसऱ्यांच्या लॅबमध्ये राबले आणि मग एका डॉक्टरांच्या दवाखान्याखाली स्वतःची लॅब टाकली. आणि ह्या सगळ्या वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनात कितीदा तरी माझ्यासमोर उभं केलं, सर. खुर्ची न देता. कधी तुम्ही काही मागायला आलेले असायचात, कधी सगळ्या कॉलेजासमोर मी तुम्हाला तो आकडा वाचायला लावायचे. घरात पोरांचे डबे भरतानासुद्धा माझं हे चालू असायचं.

आणि गेल्या दिवाळीनंतर तुम्ही खरंच आलात. पिवळे पडलेले, उन्हात स्वेटर घातलेले, प्रशांतच्या हाताला धरून. मला ओळखलं नाहीत. "बाई, सुई जरा हळू," एवढंच म्हणालात. मी तुम्हाला खुर्ची दिली. आपोआपच पुढं केली गेली हातानं, त्याचाही मला नंतर राग आला.

मशीनचे आकडे विचित्र आले म्हणून मी तुमच्या रक्ताची स्लाईड करून तेलाच्या भिंगाखाली घेतली. दहा गुणिले शंभर, हजार पट. तिथं ज्या पेशी असायला नको होत्या त्या होत्या, आणि भरपूर होत्या. खरं लिहिते. काही क्षण मला बरं वाटलं. मग स्वतःचीच भीती वाटली. असलं मन घेऊन बघितलेल्या स्लाईडवर भरवसा कसा ठेवायचा, म्हणून मी ती बाजूला ठेवली, पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून दुसरी स्लाईड केली. तीही तशीच होती. मी जिना चढून डॉक्टरांकडं गेले आणि त्यांनी तुम्हाला त्याच दिवशी संभाजीनगरला कॅन्सर हॉस्पिटलात पाठवलं.

औषधं सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी तपासणीला तुम्ही माझ्याकडंच यायचात. "ही पोरगी स्वतः काचेखाली बघते, नुसतं मशीनवर सोडत नाही," असं तुम्ही शेजारी बसलेल्या पेशंटला सांगायचात आणि मी पडद्यामागून ऐकायचे. तुम्ही जगावं असं मला फार वाटायचं. त्यात प्रेम नव्हतं. तुम्ही कबूल न करता मरायला नको होतात.

मार्चमध्ये तुमची तब्येत जरा सुधारली. त्या दिवशी प्रशांत गाडीत हवा भरायला गेला होता. मी कोपऱ्यातला जुना, एका नळीचा मायक्रोस्कोप पुसून टेबलावर ठेवला होता. त्यात पंधराचा आयपीस घातला होता, खाली पंचेचाळीसचं भिंग. तुमच्याच रक्ताची स्लाईड लावायचं मनात आलं होतं. ते नाही करवलं. माझ्या रक्ताची लावली.

"सर, जरा बघता का?"

तुमचा चेहरा उजळला. तुम्ही आधी बाजूनं बघितलंत, मग डोळा लावलात. बोटांना सगळं माहीत होतं. "छान रंगलीय स्लाईड."

"किती पट दिसायलंय सर?"

"साडेचारशे." तुम्ही डोळासुद्धा काढला नाहीत.

"कसं?"

"दहा गुणिले पंचेचाळीस. एवढं विसरीन का मी?"

"आयपीस काढून बघा की."

तुम्ही आयपीस काढलात, खिडकीपाशी गेलात, चष्मा कपाळावर सरकवलात. फिरवून फिरवून कडेवरचं अक्षर शोधलंत.

"पंधरा," तुम्ही म्हणालात.

"मग?"

तुम्ही माझ्याकडं वळलात आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलंत. "चार नंबरचा मायक्रोस्कोप," तुम्ही म्हणालात. "जिनिंगवाल्याची पोरगी तू."

सर, मी जन्मभर असं धरून चालले होते की तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही न बघता बोललात, नंतर मागं हटायला लाज वाटली, असं. माणसं असं करतात, मीही केलंय. पण तुम्ही खुर्चीवर बसून, काल भाजी आणायला गेलो होतो असं सांगावं तसं सांगितलंत, "मला तेव्हाही माहीत होतं. दहाचा आयपीस पुसताना माझ्याच हातून फुटला होता. रजिस्टरला दाखवला नव्हता. मीच पंधराचा घालून ठेवला होता. नोकरी कायम व्हायची होती माझी. तुझ्या जर्नलमध्ये सहाशे पंचाहत्तर राहिलं असतं तर बाहेरच्या परीक्षकानं विचारलं असतं."

मी म्हणाले, "म्हणजे माझा बाप हात जोडून उभा होता तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी 'तुमच्यात' म्हणालात."

"तसं म्हणालो नसेन मी."

"म्हणालात."

प्रशांत आला म्हणून ते तिथंच थांबलं. पण त्या दिवसापासून तुमची प्रत्येक तपासणी म्हणजे आपलं भांडण झालं. सुई टोचताना तुम्ही म्हणायचात, "उत्तराचं मला कबूल आहे. पण वडिलांना बोलावलं ते तू उलट बोललीस म्हणून. शिस्त म्हणून काही असते की नाही?" मी म्हणायचे, "'बघा ना सर' हे उलट बोलणं हाय का?" तुम्ही म्हणायचात, "तुझा सूर तसा होता." एकदा वैतागून म्हणालात, "इतक्या वर्षांनी तू ते लय मोठं करून बघायलीस." मी म्हणाले, "हाय तेवढंच बघायलेय सर. तुमीच शिकवलं तसं." तुम्ही कापसाचा बोळा दंडावर दाबून धरत निघून गेलात आणि महिनाभर दुसऱ्या लॅबमध्ये जात राहिलात. मग परत आलात. "तिथं नुसती मशीनची चिठ्ठी देतात," एवढंच म्हणून बाही वर केलीत. तुम्ही आलात म्हणून मला किती हायसं वाटलं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी उगीच ट्यूबवर नाव लिहीत बसले.

मी एकच मागितलं होतं. वडील नाहीत, आई आहे, तिच्यासमोर येऊन हे सांगा. आधी तुम्ही ऊन आहे म्हणालात, मग गुडघे, मग पावसानं रस्ता खराब झाला. शेवटच्या सोमवारी तुमचे आकडे फार पडले होते. मी रिपोर्ट पाकिटात घातला होता, तो तुम्ही काढून वाचलात आणि परत नीट घडी घालून आत ठेवलात. "ह्या रविवारी येतो," तुम्ही म्हणालात. "प्रशांत गाडी काढेल. कशाला जायचंय ते त्याला सांगू नको." दारापाशी थांबलात. "काय म्हणू मी त्यांना? तू लिहून देतेस का?"

मी म्हणाले, "तुम्ही आम्हाला डिक्टेट करायचात. मी नाही करणार. तुमचं तुम्ही बोला."

तुम्ही मान हलवलीत. तेच आपलं शेवटचं बोलणं. मी तेव्हा लिहून दिलं असतं तर निदान तेवढा कागद राहिला असता, हा विचार मला आजकाल फार छळतो.

दहाव्या दिवशी कॉलेजात तुमची शोकसभा झाली. मला बोलायला बोलावलं, माजी विद्यार्थिनी आणि आजारपणात सेवा करणारी म्हणून. माझ्या आधी पाचजण बोलले. शिस्त, निष्ठा, हाडाचा शिक्षक. मग माझ्या हातात माईक आला. तुमच्या आजाराबद्दल मी एक अक्षर बोलले नाही, ते बोलायचा मला हक्क नाही. बाकीचं सगळं सांगितलं. चार नंबरचा मायक्रोस्कोप, फुटलेला आयपीस, रजिस्टर, रिकाम्या खुर्च्या, तुमचा तो 'तुमच्यात' हा शब्द. वामन सर दुसऱ्या रांगेत बसले होते. ते हसले होते हेही सांगितलं, त्यांचं नाव घेऊन.

प्रशांत उठून उभा राहिला. "ताई, हे आज बोलायची गरज होती का?"

"तुमच्या वडिलांशी मी सहा महिने समोरासमोर हेच बोलत होते," मी म्हणाले. "ते रविवारी माझ्या आईपुढं बोलणार होते. आता मी कुठं बोलू, सांगा."

तो खाली बसला. वामन सर चपलांकडं बघत होते. मला बरं वाटलं, सर. खोटं कशाला लिहू? मंचावरून उतरताना माझे पाय हलके झाले होते.

खाली काकू, प्रशांतच्या आई, उभ्या होत्या. मला वाटलं, काहीतरी कठोर बोलतील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रविवारसाठी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेव म्हणले होते. कुठं जायचंय ते सांगितलं नव्हतं."

मी तिथून निघाले. कॉलेजच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. तुम्ही येणार होतात, सर. टाळणार नव्हतात. हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि शर्ट इस्त्रीला टाकला म्हणून करणारही नाही. पण आता तुमच्यावर रागवायला बसले की मध्येच काकूंचा आवाज कानात येतो, आणि मग मला तुम्ही परत हवे असता. सुई टोचून घेत भांडायला.

संध्याकाळी मी तशीच गावी गेले. आई ओसरीवर मुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"गप बसले का समदे?" तिनं विचारलं.

"बसले."

"आन् त्यो हसणारा?"

"त्याचं नाव घेतलं."

"परत सांग," आई म्हणाली. "पहिल्यापून सांग. समोर कोण कोण बसलं होतं ते बी सांग."

मी पुन्हा सांगितलं. ह्या खेपेला शर्टाचंही सांगितलं. आईचे हात थांबले.

"आला असता मंग त्यो?"

"आला असता."

आईनं मूठभर शेंगा उचलल्या, एक एक करून फोडल्या, टरफलं बाजूला सारली.

"आला असता तर पहिलं पाणी दिलं असतं," ती म्हणाली. "पितोय का न्हाई ते बघितलं असतं. मंग म्हणलं असतं, बोल."